टायर दाबून बघणारी बाई

गाड्यांमध्ये मला काडीचा रस नाही. आत्ता गेली ती गाडी कुठली, असं आजही कुणी विचारलं तर मी "पांढरी" असं उत्तर देते. पण टायरच्या बाबतीत एके काळी नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका टायरच्या दुकानात माझ्या शब्दाला वजन होतं. ते मी मागितलेलं नव्हतं, गळ्यात पडलं होतं.

नव्वदच्या दशकात आमच्या गावात गाड्यांच्या रॅलीचं खूळ होतं. गुळगुळीत ट्रॅक वगैरे काही नाही. त्र्यंबक, घोटीकडचे कच्चे रस्ते, माळरान, दगडधोंडे, त्यातून एकेक गाडी सोडायची आणि ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. माझे मिस्टर सातपूरच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला इंजिनिअर होते. आठवडाभर अगदी शहाण्यासारखं वागत आणि रविवार आला की अंगात येई. त्यांनी एक लाल, बुटकी, दोन दारांची गाडी जुनीच विकत घेतली होती आणि ती आणखी बुटकी करून घेतली होती. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, अंग चोरून आत शिरायचं. सासूबाई एकदाच बसल्या. पुढच्या वेळी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते रिक्षाने."

या गाडीला टायर पुरत नसत. एकीकडे तिच्यावरच कारखाना, दळण, माझी शाळा आणि दुसरीकडे तिच्यावरच रॅली. रॅलीला मऊ रबराचे टायर लागतात, ते माती घट्ट धरतात, पण झिजतात लवकर. कडक रबराचे वर्षानुवर्षं चालतात, पण वळणावर दगा देतात. हे सगळं मला माहीत आहे कारण आमच्या घरी पावसाळा संपत आला की जेवताना, चहा पिताना, दात घासताना एवढाच विषय असे. घरात रबराचा वास. जुने टायर गच्चीवर, त्यात मी अळू लावलेलं. काही बोलायला गेलं की मिस्टर म्हणायचे, "अगं, हौसेला मोल नसतं." बरोबर आहे. ज्याची हौस असते त्याला नसतंच.

एकदा भाजी घेऊन परत येताना त्यांनी त्या दुकानापाशी गाडी थांबवली. "दोन मिनिटं" म्हणाले. नवऱ्यांची दोन मिनिटं किती लांब असतात हे मी नव्याने सांगायला नको. दुकानदार निफाडकडचा, द्राक्षं भावांवर सोपवून टायरच्या धंद्यात आलेला, बोलण्यात पक्का. "साहेब, हा माल लय भारी हे," असं तो प्रत्येक टायरला हात लावून सांगत होता. मला उभं राहून कंटाळा आला होता, शाळेत दिवसभर घसा फोडलेला. मी टायरच्या एका चळतीवर टेकले आणि चाळा म्हणून बाजूच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. दुधी घेताना पाहतो तसं. रुतलं. शेजारच्यात रुतवलं, तर नुसतं सरकलं.

"हा जून आहे," मी म्हटलं.

दुकानदार हसला. मिस्टर हसले नाहीत. त्यांनी वाकून टायरवर कोरलेला, तो कधी बनला ते सांगणारा आकडा वाचला. तो टायर दोन उन्हाळे दुकानाच्या तोंडाशी पडून होता, ऊन खाऊन निबर झालेला. मिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्न ठरवायला आले तेव्हाही तसं बघितलं नव्हतं.

तेव्हापासून टायर घ्यायला मला न्यायचा प्रघात पडला. त्यांची स्वतःची बोटं तेल आणि ग्रीसने राठ झालेली, नखं मुळापर्यंत कापलेली, त्यांना सगळे टायर सारखेच लागत. दुकानदार मला बघितल्याबरोबर ओरडायचा, "आल्या वहिनी! मागचा ताजा माल काढा रे, वरचा दाखवू नका!" मग मी स्टुलावर बसायची आणि माझ्यापुढे एकेक टायर लोळत येई. हा कोवळा, हा निबर, हा ठीक. शाळेतल्या बायकांना कळलं तेव्हा त्यांनी मला महिनाभर चिडवलं. भेंड्या आणि टायर, दोन्ही दाबून घेतेस का गं, म्हणाल्या.

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, मीही नेलं. पण एक गोष्ट मला खात असे. कोवळा टायर म्हणजे जास्त पकड, जास्त पकड म्हणजे जास्त वेग. म्हणजे नवरा जोरात जावा याची सोय मीच करून देत होते. रॅलीच्या दिवशी मी घरी फोनजवळ बसे. मन चिंती ते वैरी न चिंती. हे बंद करा म्हणून सांगून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी थकले आणि हिशेब सोपा केला. जायचे ते जाणारच आहेत, तर निदान चांगल्या टायरवर जाऊ देत. म्हणून मी नख रुतवताना कधी खोटं बोलले नाही.

मग एका साली घोटीच्या बाजूला वळणावर गाडी उलटली आणि भाताच्या खाचरात जाऊन पडली. कापणी झालेली होती म्हणून बरं. शेतातल्या माणसांनीच ती पाच-सहा जणांनी सरळ केली, यांना बाहेर काढलं आणि पाणी पाजलं. मानेला दणका बसला होता. बरेच दिवस गळ्यात पट्टा होता. डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली नस दुखावली आहे, जपा. पट्टा निघाला, मिस्टर कारखान्यात जायला लागले आणि म्हणाले, "झालो ठणठणीत." मी मान हलवली. मला वाटलं, सुटलो एकदाचे, आता हे थांबतील.

पुढच्या वर्षी नवरात्र बसलं आणि त्यांनी टायरचा विषय काढला.

"खंडेनवमीच्या आत घेऊ. पूजेला नवे असू देत." आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची, आणि हळदकुंकू बोनेटला लावून भागत नसे, चारही टायरना लावावं लागे. मी म्हटलं, "परत रॅली?" ते म्हणाले, "ही एकच. शेवटची." मला भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं. सहामाही परीक्षेचे पेपर तपासायचे पडले होते. मी चपला घातल्या आणि गाडीत बसले.

दुकानात नेहमीचं स्वागत झालं. मिस्टर गाडीपाशी बसून जुना टायर दुकानदाराला दाखवत होते. रबर पार झिजलेलं, एके ठिकाणी आतली लोखंडी तार वर आलेली. "हे बघ, आतल्या बाजूला जास्त खाल्लंय," असं म्हणत ते डावा हात त्या टायरवरून फिरवत होते, पुढे, मागे, परत पुढे. टायरवर काहीतरी ओलं चमकलं. मला वाटलं, तेल असेल. मग पाहिलं तर रक्त होतं. तारेने त्यांची दोन बोटं चिरली होती आणि ते त्याच बोटांनी टायर चाचपत, चाकाच्या अलाइनमेंटबद्दल बोलत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

एकदम बऱ्याच गोष्टी कळल्या. शर्टाची बटणं लावायला वेळ का लागतो. हातातून चहाचा कप का पडला. गाडी चालवताना हल्ली मान खाली घालून गिअरच्या दांड्याकडे का बघतात. तो हात, ती बोटं त्यांना कळतच नव्हती, आणि हा माणूस त्या हाताने गिअर टाकत दगडांतून गाडी पळवायला निघाला होता. मला इतका राग आला की तिथेच ओरडावंसं वाटलं, आणि तितकंच रडूही आलं.

मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. जवळ गेले, पर्समधला रुमाल काढला आणि त्यांच्या बोटांना गुंडाळला. त्यांनी आधी रुमालाकडे बघितलं, मग टायरकडे, मग माझ्याकडे. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"पट्टा होता तेव्हापासून."

दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं. "बसा वहिनी. रॅलीवाला माल ठेवलाय बाजूला, एकदम ताजा."

मी बसले नाही. "घरच्या वापराचे दाखवा," मी म्हटलं. "कडक. पुष्कळ वर्षं चालतील असे."

"म्हंजे? साहेब रॅलीला जाणार नाय का औंदा?"

मी मिस्टरांकडे बघितलं. याचं उत्तर मी द्यायचं नव्हतं. मिस्टर गाडीला टेकून उभे होते. रस्त्यावरून कांद्याचे ट्रक चालले होते, ते त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "वहिनी म्हणतात ते दे."

चार निबर टायर चढले. नख लावून बघायची गरज नव्हती. मला जे इतकी वर्षं हवं होतं ते झालं होतं, या वेळी उपास-तापास, अबोला काही न करता झालं होतं, आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं.

घरी जाताना तेच चालवत होते. मी चालवायला शिकलेच नव्हते. रिक्षा आम्हाला मागे टाकून जात होत्या. एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीने चालला आणि पुढे निघून गेला. मिस्टर कुणालाच हॉर्न मारत नव्हते. मला ते सहन होईना.

"अहो, जरा दामटा की," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा म्हटलं असेन.

"चाललंय ना," ते म्हणाले.

मी गिअरच्या दांड्यावरच्या त्यांच्या हातावर, रुमाल बांधलेल्या बोटांच्या बाजूच्या बोटांवर, माझा हात ठेवला. ते समोर बघत चालवत राहिले, पूजेला झेंडूची फुलं आजच आणून ठेवायला हवीत असं काहीतरी बोलले. पुढे सिग्नल लागला. गिअर बदलायला त्यांनी मान खाली घातली, आणि तेव्हा त्यांना माझा हात दिसला.