गळक्या बुटांची उंच गाडी

"जास्त काय नाय शेठ, जरासं पुसून द्या."

गॅरेजच्या दारात गाडी उभी करून, स्टिअरिंगला लटकत खाली उतरून काका हे वाक्य म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असायचं, रिमवर, ब्रेकवर, पार मडगार्डपर्यंत. आणि ह्यांना ते जरासं पुसून हवं!

अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. फोर बाय फोर, स्प्रिंगांखाली ठोकळे घालून उचललेली. आत बसलेला माणूस डोंगर चढायला निघालाय असं वाटतं, पण तो मेथीची जुडी आणायला निघालेला असतो. आमचे हे काका म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, विकास सोसायटीतले निवृत्त कारकून, उंचीने बेताचे. निवृत्तीनंतर त्यांनी ही जीप घेतली आणि कुणाचं तरी ऐकून उंच करून घेतली.

गाडी अशी उचलली की चाक फिरवणारा दांडा तिरका होतो. त्याच्या सांध्यावर रबराचा घड्याघड्यांचा बूट असतो, आत ग्रीस भरलेलं. दांडा तिरका झाला की घड्या एकमेकींवर घासून फाटतात आणि ग्रीस बाहेर. मी नवा बूट चढवायचो, क्लॅम्प आवळायचो आणि म्हणायचो, "काका, गाडी खाली घेऊ या. उद्या सांधा तुटला तर रस्त्यात बसाल."

"खाली? आन् गोदेला पूर आला तर?"

"पूर आला तर घरी बसा ना!"

यावर ते माझ्याकडे असे बघायचे, जसा काही पूर मीच आणणार आहे. एकदा तर त्यांनी फाटक्या बुटावर सायकलची ट्यूब गुंडाळून आणली. नांदूर नाक्यापर्यंत येईतो तिच्या चिंध्या झालेल्या. "टिकली आसती," म्हणाले, "पण रस्ताच लय खराब हाय."

खरा वैताग मला यायचा तो काकूंच्या वतीने. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना त्या गाडीत चढताच यायचं नाही. माहेर सायखेड्याला, तिथं म्हातारी आई. काकू तिला भेटायला एसटीने जायच्या. एका हाताने दाराचा दांडा आणि दुसऱ्याने कंडक्टरचा हात धरून कशाबशा चढायच्या. आणि काका? रिकामी जीप घेऊन एसटीच्या मागे मागे, थेट सायखेड्यापर्यंत! माझ्या गॅरेजसमोरून ही वरात जायची.

"अहो, बायको बसमध्ये आणि तुम्ही गाडीत?"

"मंग? तिच्यावर लक्ष नको ठेवायला?"

सांगा, अशा माणसाशी काय बोलणार?

मग एका सकाळी सायखेड्याहून फोन आला की आईचं काही खरं नाही. एसटीला वेळ होता. काकांनी शेजारच्या दोघांना बोलावून काकूंना गाडीत चढवायला घेतलं. काकूंचा पाय निसटला, त्या दाराला लोंबकळल्या, चप्पल गटारात गेली. शेवटी नाक्यावरून रिक्षा करून पोचल्या. म्हातारी चिवट, सावरली. पण परत आल्यावर काकू काकांना म्हणाल्या, "आई गेली आसती ना, तर तुमचं तोंड बगितलं नसतं." आणि बोलणंच बंद केलं.

हे मला स्वतः काकांनी सांगितलं. त्या दिवशी ते आले, पण पुसून द्या म्हणाले नाहीत. खिशातून सुतळी काढली. तिला एक गाठ मारलेली. एक टोक जमिनीला लावून गाठ दारापाशी धरली.

"हिचा पाय एवढाच उचलतो. वट्यावर चढताना मापून घेतलं. तिला म्हाईत नाय." सुतळी माझ्या हातात दिली. "बुटाबिटाचं मला काय सांगू नका. गाडी हितवर आणा."

मी इतकी वर्षं बुटांसाठी घसा फोडत होतो! पण त्या दिवशी मला रागवता आलं नाही. ठोकळे काढले, तरी गाठ खालीच राहिली, म्हणून तिथं एक लोखंडी पायरी वेल्डिंग करून दिली.

काकू गाडी बघायला आल्या. पायरीवर पाय ठेवला, हँडल धरलं आणि आपल्या आपण चढून बसल्या. काका मागे दोन्ही हात पसरून उभे, हात न लावता. काकूंनी पदर सारखा केला. "आता उभेच राहणार का? चला, आई वाट बघत आसंल."

दांडा सरळ झाला आणि बूट गळायचे थांबले. मग काकांना गॅरेजचं काय काम? ते येत नाहीत. समोरून जातात, हॉर्नसुद्धा देत नाहीत. खोटं कशाला बोलू, मला त्यांची फार आठवण येते.

परवा जीप दिसली म्हणून हात केला. काकूंनी हात हलवला. काका रस्त्याकडे बघायचं सोडून काकूंकडे तोंड करून काहीतरी रंगवून सांगत होते. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "काका, समोर बघा!" पण गाडी तोवर पुढे निघून गेली होती.