खिडकी गळायची थांबली, आणि भोकं बुजवणारा मीच निघालो

मंडळी, जिंकलो! दोन तासांपूर्वी आमच्या जुन्या व्हॅनची खिडकी गळायची थांबली.

या व्हॅनमध्ये आम्ही झोपायला बर्थ बसवलेत. उद्या पहाटे आईबाबांना घेऊन वेलंकनी मातेच्या यात्रेला निघायचंय. आईची कंबर धरलेली, म्हणून खालचा बर्थ तिचा. आणि गळकी खिडकी नेमकी त्याच्याच वर!

महिनाभर मी माणिकपूरहून सिलिकॉनच्या ट्यूबा आणून दिसेल ती फट बुजवत होतो. जितकं बुजवलं, तितकं पाणी जास्त.

आज बाबा केळीच्या वाडीतून आले आणि चिखलाच्या पायांनीच माझी कारागिरी बघत उभे राहिले. म्हणाले, "वाडीत पाणी तुंबलं तर तू बांध घालतोस की पाट मोकळा करतोस?"

मग त्यांनी मोडक्या छत्रीची तार घेतली आणि काच सरकते त्या पन्हळीसारख्या पट्टीला बाहेरून खाली टोचली. तिथे पाणी बाहेर जायला दोन भोकं होती. आधी धुळीने आणि मग माझ्या सिलिकॉनने ती पार बंद झालेली. पट्टी भरली की पाणी आत उतू जायचं! बाबांनी तारेने दोन्ही मोकळी केली.

खात्री करायला आई स्वतःच बर्थवर आडवी झाली. मी बाहेरून खिडकीवर पाण्याचा पाइप धरला. आतून आवाज आला, "अजून सोड, घाबरू नको!"

एक थेंब नाही!

उरलेली ट्यूब बाबांनी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. आता खरं सांगा, दुरुस्त करता करता तुम्ही घरात काय काय बिघडवलंय?