आईचं माहेर कुठलं?

दर मंगळवारी मी कैद्यांच्या तपासणीला तुरुंगात जाते. काय काय तपासायचं याची माझी यादी पिशवीत असते, बराकीवरच्या हवालदाराची तोंडात. गर्दच्या व्यसनातला नवा कैदी दुपारी घोरू लागला, की हा त्याला गदागदा हलवतो. "ऊठ मेल्या! आईचं माहेर कुठलं?" उत्तर मिळालं की "झोप" म्हणतो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारतो.

"मामा, सोयरीक जमवताय काय?" कैदी वैतागतात.

"सिस्टर, गर्दवाल्याचं घोरणं निराळं," तो मला म्हणाला होता. "घोरता घोरता श्वास थांबतो. नुसत्या हाकेला झोपेतही 'हूं' म्हणतात, माहेर सांगायला जागं व्हावं लागतं."

परवा एकाने उत्तरच दिलं नाही. लपवून आणलेली पुडी त्याने एकदम संपवली होती. ओठ निळे पडले होते. हवालदाराची हाक ऐकून मी धावले आणि गर्दचा असर उतरवणारं इंजेक्शन टोचलं. हवालदार कैद्याच्या कानाशी ओरडतच होता, "माहेर सांग रे बाबा, माहेर!"

दोन-तीन मिनिटांनी कैद्याने डोळे किलकिले केले. "मालगुंड! मघापासून चौथ्यांदा सांगतोय."

"बरोबर," म्हणत हवालदार मटकन खाली बसला.

इंजेक्शनचा असर ओसरला की श्वास पुन्हा थांबू शकतो, म्हणून रुग्णवाहिकेतही तो सोबत आला. मी श्वास मोजत होते, तो माहेर विचारत होता. माझ्या यादीत 'रुग्णाला हाक मारावी' या ओळीपुढे मी पेनाने भर घातली: आईचं माहेर विचारावं.