हिंदुरावांची कार्डं आणि घरची विहीर

वारज्याच्या हिंदुरावांचा जन्म शेतातला, पण आयुष्य गेलं स्टिअरिंगवर. पुण्यातून यात्रेकरू घेऊन निघणाऱ्या एका खासगी बसवर ते ड्रायव्हर होते. काशी म्हणू नका, रामेश्वर म्हणू नका, सगळा देश त्यांनी पालथा घातला. घर तेवढं बघायचं राहिलं!

जातील तिथून ते बायकोसाठी, मथुराबाईंसाठी, एक चित्राचं कार्ड आणत. टपालात टाकत नसत. कार्डाआधी आपणच पोचतो, हा त्यांचा अनुभव. कधी घाट, कधी राजवाडा, असं कोरं करकरीत कार्ड खिशातून काढून बायकोच्या हातात ठेवायचं. आणि बाई काय करायच्या? एक नजर टाकून "बरं हाय" म्हणायच्या आणि कार्ड थेट ट्रंकेत. एवढ्या हौसेनं आणावं आणि हिनं ते गोधड्यांखाली सारावं, हे हिंदुरावांना फार लागायचं. बायको अरसिक आहे, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. तरी कार्ड आणणं काही सुटलं नाही.

नव्वद सालानंतर ते निवृत्त होऊन घरी बसले, तोवर शेत विकून झालं होतं. विहीर बुजवून तिच्यावर चार मजली इमारत उभी होती. एके सकाळी चहा पिता पिता त्यांच्या लक्षात आलं, की विहिरीच्या पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या तेच आठवत नाही. लेक हेमा तिथंच पोहायला शिकली म्हणे. म्हणे! तेव्हा आपण कुठं होतो? बहुतेक म्हैसूरला. त्यांनी कप खाली ठेवला.

"मथुरे," ते म्हणाले, "समद्या देशाचे घाट मला पाठ हायेत, अन् घरची विहीर आठवंना. मी ह्या घरात पाव्हनाच ऱ्हायलो गं."

मथुराबाई उठल्या आणि त्यांनी ट्रंक ओढली. सगळी कार्डं जागच्या जागी होती, एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीला दोऱ्यानं बांधलेला पोस्टकार्ड साइजचा एक फोटो होता. नवरा बस घेऊन गेला, की बाई फोटोग्राफर मुनव्वरभाईंना मळ्यात बोलावून घ्यायच्या आणि फोटोच्या बदल्यात टोपलीभर वांगी द्यायच्या. काशीच्या घाटामागे विहीर निघाली, पायऱ्यांसकट. म्हैसूरच्या राजवाड्यामागे पाठीला डबा बांधून पाण्यात उतरलेली हेमा. हिंदुरावांना फोटो धड दिसेनात, डोळेच भरून आले होते.

आजवर दाखवले का नाहीत, असं त्यांनी विचारलं.

"दावायचं कवा? तुमी यायचा, झोपायचा, उठला की निघायचा. म्हनलं, कायमचं घरी आला अन् घराची सय आली, की बघताल. तुमी तिथं हुता तवा आमी हितं हुतो, एवढं कळावं म्हून बांधून ठेवलं."

देवळोदेवळी हात जोडून आलेल्या हिंदुरावांनी त्या दिवशी बायकोपुढं हात जोडले. बाई लाजून "येड लागलं काय" म्हणाल्या.

दुपारी ते स्वतः जाऊन म्हाताऱ्या मुनव्वरभाईंचे आभार मानून आले, येताना त्यांना घेऊनच आले. बरोबर टोपलीभर वांगीही आणली, या खेपेला मंडईतली. जिथं विहीर होती त्या इमारतीच्या फाटकापाशी नवरा-बायकोचा फोटो निघाला. त्याच्या पाठीला बांधायला कार्ड नव्हतं. मथुराबाईंनी तो तसाच ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवला.