दोरासाठी केळी

केळी काळी पडून तो गोडसर, उबट वास घरभर सुटला की मला फैजपूरचे नाना आठवतात. केळीचे व्यापारी आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेला माणूस.

एका सकाळी पेपरात आलं, नागपूरच्या जेलात फाशीच्या कोठडीत असलेल्या आपल्याकडच्या एकाची तारीख ठरली. फाशीचा दोर मऊ व्हावा म्हणून त्याला पिकलं केळं चोळतात, हेही त्यात होतं. झालं. नानांनी सगळ्यात देखणा घड निवडला, त्याला हार घातला, आपल्या केळीच्या शेडमध्ये फोटोग्राफर बोलावला.

"दोराला आपल्या फैजपूरचीच केळी लागली पाहिजेत," नाना आहेर पाठवावा तशा थाटात सांगत होते. माणसं माना डोलावत होती.

त्याच शेडमध्ये हौदात केळी धुणारी अक्का त्या कैद्याची बहीण होती. हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ती ओल्या हातांनी पुढं आली.

"नाना, त्याले खावाले बी दोन धाडा."

नानांनी हार सरळ केला आणि फोटोग्राफरला म्हणाले, "ही बाई फोटोत नको."

तो फोटो अजून त्यांच्या गादीमागं लटकतोय. कडेला एक ओला हात आलाय, तेवढा कापायचा राहून गेला.