बाबा एकदा खाली गेले

बाबांनी उभ्या आयुष्यात हजारो माणसं कोळशाच्या खाणीत उतरवली आणि वर आणली. स्वतः मात्र कधी खाली गेले नव्हते. जाणार कसे? यंत्र चालवणारा माणूस वरच लागतो. माणसं नेणाऱ्या त्या लोखंडी पिंजऱ्याला वस्तीत सगळे पाळणा म्हणत आणि बाबांना पाळणेवाले. नव्या सुनांना आधी वाटायचं, यांच्या घरी तान्हं मूल आहे.

बाबा आले तेव्हा तिथे पत्र्याच्या चार खोल्या आणि बाकी नुसता माळ होता. मग रूळ आले, चाळी आल्या, शाळा, दवाखाना, मैदानात पडदा लावून सिनेमा. न्हाव्याकडे नंबर लावावा लागे. दोरीवरचे पांढरे कपडे वाळेपर्यंत राखाडी व्हायचे. "इथे पांढरं घ्यायचं म्हणजे फुकटची हौस," असं आई म्हणायची आणि तरी दर वर्षी घ्यायची.

इंजिनघरात बाबांचा थाट काही और होता. समोर पाळणा किती खोल गेला ते दाखवणारी तबकडी, कानाशी घंटा, हातात दांडा. खालून टोले आले की पाळणा हलायचा. "माझ्या पाळीत कधी पोचलो ते माणसाला कळतसुद्धा नाही," हे वाक्य आम्ही इतकं ऐकलं होतं की बाबांनी तोंड उघडताच धाकटा ते आधीच म्हणून टाकायचा आणि धपाटा खायचा.

दुसऱ्या पाळीला एक काका होते. एकदा त्यांच्या हातून पाळणा वर येताना हिसका बसला आणि कुणाचा तरी डबा घरंगळत गेला. बाबांनी चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला. "माणसं आहेत ती, पोती नाहीत. हात आहे का हातोडा?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रोज एकाने उठायचं, दुसऱ्याने त्याच खुर्चीत बसायचं, पण शब्द नाही. त्यांच्या बायका मात्र एकाच नळावर तासन्‌तास बोलायच्या. सगळी बोलणी त्या दोघीच उरकत असाव्यात.

पुढे कोळशाचा थर पातळ होत गेला, खाली पाणी वाढलं. आधी सिनेमा गेला, मग दवाखाना, मग शाळेचे वर्ग एका खोलीत आले. न्हावीही गेला, तेव्हा सगळी वस्ती काही दिवस झिपऱ्या वाढवून फिरत होती. खाण बंद करून तोंड बुजवायचं ठरलं. शेवटची माणसं वर आणायचा मान बाबांचा, हेही साहेबांनी ठरवून टाकलं.

तेव्हा बाबांनी नवीनच काढलं. "मला एकदा खाली जायचंय."

"या वयात?" आई म्हणाली.

"आयुष्यभर लोकांना कुठे पाठवत होतो, ते बघून तरी येतो."

पण पाळणा चालवायला आता काकांशिवाय कुणी उरलं नव्हतं. ज्या हाताला हातोडा म्हटलं, त्याच्याच हवाली जीव करायचा! दोन दिवस बाबांना जेवण गोड लागेना. शेवटी निरोप आईकडून नळावर गेला आणि नळावरूनच उत्तर आलं, "या म्हणावं."

शेवटच्या दिवशी सकाळी बाबा मुकादमाबरोबर पाळण्यात चढले. मी आणि आई फाटकाशी उभ्या होतो. बाबांचा चेहरा बघून मला हसू आलं.

खाली काय झालं ते बाबांनीच पुढे सांगितलं. अंधारात दोन्ही हातांनी दांडी धरून, दात आवळून ते धक्क्याची वाट बघत होते. तेवढ्यात मुकादमाने दार उघडलं.

"पोचलो?"

"केव्हाच."

"आज जपून चालवलेला दिसतो."

मुकादम आधी बाहेर उतरला. मग म्हणाला, "त्यांचा पाळणा खाली असाच टेकतो. आपटायचा तो तुमच्या पाळीत. आम्ही आधीच गुडघे वाकवून उभे राहायचो."

"एवढी वर्षं? आणि मला कुणी बोललं नाही?"

"दोर तुमच्या हातात, पाळणेवाले. तुम्हाला कोण बोलणार?"

बाबांनी खाण बघितली की नाही, कोण जाणे. वर आले ते आमच्याकडे न बघता तडक इंजिनघरात गेले. आम्हीही धावत मागे गेलो. काका सवयीने खुर्चीतून उठले होते. शेवटच्या खेपेची माणसं खाली जमू लागली होती.

"बसा," बाबा म्हणाले. मी दोघांना बोलताना प्रथमच ऐकत होते. "त्यांना तुम्ही वर आणा."

काका गोंधळले. "अहो, साहेबांनी तुम्हाला सांगितलंय. मान तुमचा आहे."

"असू दे," बाबा म्हणाले. "मी खाली जाऊन आलोय."