तिचं नाव मीच घेतलं

चारकोपच्या नाक्यावर जिलबीचा वास आला आणि आमच्या लग्नातली पंगत आठवली. कमलला जिलबीचा घास भरवताना नाव घ्यायचं होतं. मी जन्माचा तोतरा, 'क'वरच अडकलो. लोक हसले. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, गाडीला धक्का मारू काय?" पाक मनगटावर ओघळत होता. उठून पळावंसं वाटलं. ती हळूच म्हणाली, "घ्या सावकाश. मी कुठं चाललेय?"

त्या दिवसापासून मी अडकत का होईना, चारचौघांत बोलायला लागलो.

आता ती गेली. गेल्या महिन्यात दहाव्याला भटजींनी तिचं नाव विचारलं. मी 'क'वर अडकलो, तसा मुलगा सांगायला पुढे झाला. मी त्याचा हात धरला. तो थांबला, भटजीही थांबले. वेळ लागला, पण माझ्या बायकोचं नाव मीच घेतलं.